मासोळीच्या खुणेची लाकडं

चांद्याचे दोन जिल्हे झाले, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. वैनगंगेच्या या काठाला चंद्रपूर राहिलं, त्या काठाला गडचिरोली गेलं. वाटणी अगदी रीतसर झाली, असं लोक सांगत. कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, जीपगाड्या वाटल्या, साहेबसुद्धा वाटून घेतले. नव्या जिल्ह्याला कुणी असं म्हटलं नाही की बाबा, येताना बापाच्या घरून काय आणलं होतंस, तेवढंच उचल आणि चालू लाग. जिल्ह्याला असं म्हणत नसतात. बाईला म्हणतात.

चिचटोल्याच्या बुधरीला म्हटलं.

चिचटोला म्हणजे वैनगंगेच्या दरडीवर दाटीवाटीनं बसलेली ढिवरांची घरं, आणि जरा अंतर राखून बौद्धांचा मोहल्ला. बुधरीचा नवरा लटारू डोंगा चालवायचा, जाळं टाकायचा. पोटी लेकरू नाही म्हणून त्यानं दोन पावसाळ्यांआधी मूल गावाकडची सीता घरात आणली. बुधरी काही बोलली नाही. मग सीतेची खाट आत आली, बुधरीची पडवीत गेली. तेव्हाही बोलली नाही. मग एका सांजेला लटारू म्हणाला, "सीतेचं जेवन झाल्यावर तू बसत जाय. तिच्या पोटात हाये ना." बुधरीनं भाकरीची परडी खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ मुखरूच्या दारात जाऊन उभी राहिली. मुखरू जातीचा पंच.

"मले सोडचिठ्ठी पायजे."

चिंचेखाली बैठक बसली. माणसांना मोठी गंमत वाटत होती. नवरा बायकोला सोडतो हे त्यांनी कितीदा निस्तरलं होतं, पण बायको उठून नवऱ्याला सोडते म्हणजे काय! मुखरूनं तंबाखू मळली, ओठाखाली धरली आणि रीत सांगितली.

"बाई आपल्या पायानं जातो म्हनते. जाऊ द्या. बापानं देल्लं ते तिचं. ते तिनं कार्तिक पुनवेचा सूर्य बुडाच्या आत न्यावं, एकाच खेपेत. फिरून याचं नाई. मांगं राह्यलं ते नवऱ्याचं. आन् जातीतल्या कोनी तिले हात लावू नये. ना बंडी द्याची, ना डोंगा. देल्ला तं दंड."

"कायनं नेऊ मंग?" बुधरीनं विचारलं.

"डोक्यावर ने. नाई तं नदीनं ने. नदी का आमी बांधून ठेवली?"

हशा पिकला. बुधरीचं माहेर पार खाली, प्राणहितेच्या काठी, सिरोंच्याच्या जरा अलीकडं. डोंग्याविना तिकडं नदीनं कोण जाणार?

"बापानं देल्लं ते सारं माहं?"

"सारं."

"काईच मांगं नाई ठेवाचं?"

"नको ठेवू वो! उद्या म्हनशीन, पंचानं माहं मीठ ठेवून घेतलं." पुन्हा हशा. मुखरूच्या डोळ्यांपुढं पाणी भरायचा तांब्याचा एक गुंड होता, दोन काशाच्या ताटल्या आणि एक जातं. त्यातलंही जातं डोक्यावर न्यायचं म्हणजे बाई मार्कंड्याच्या देवळांपर्यंत पोचायच्या आधीच बसणार.

या साऱ्या शहाण्यांना एक गोष्ट आठवली नाही. रोज डोळ्यांपुढं होती म्हणूनच आठवली नाही.

बुधरीचा बाप पोचू हा लाकडं वाहून नेणारा. नदीवर. आल्लापल्लीच्या रानातला साग प्राणहितेच्या काठी यायचा, तिथं पोचू आणि त्याचे जोडीदार ओंडके जोडून मोठाले तराफे बांधायचे आणि पाण्याच्या पाठीवर बसून थेट गोदावरीत, आंध्रात नेऊन सोडायचे. बुधरी लहान असताना त्या तराफ्यावर बसून गेलेली. मागच्या टोकाला मातीची चूल, चुलीवर आंबील, आणि पुढं बाप हातात बांबू घेऊन उभा, जणू नदी म्हणजे त्याची बैलजोडी. तिच्या लग्नात दुसऱ्यांनी भांडी दिली. पोचूनं लाकडं दिली. डेपोतून घेतलेला पक्का साग: पाच खांब, दोन तुळया, छपराच्या माथ्याचं एक आडं आणि दाराची चौकट. बंडीत घालून, बैल बदलत बदलत, चिचटोल्यापर्यंत आणून टाकला. "पोरीचं घर पाऊस खाऊ नये," एवढंच म्हणाला. त्याच लाकडांवर लटारूच्या बापानं घर उभारलं. पोचू वारला. लटारूचा बापही वारला. घराला मात्र आख्खं गाव "लटारूचं सागवानी घर" म्हणत राहिलं, आणि लटारू ते ऐकून मिशीवरून हात फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधरीनं शिडी लावली आणि छपरावर चढून कवेलू उतरवायला सुरुवात केली.

लटारू नदीवरून आला तो उन्हात उभा. घराच्या आत ऊन पडलं होतं. सीता अंगणात गाठोड्यावर बसलेली.

"काय करून राह्यली वो?"

"कवेलू उतरवून राह्यली. कवेलू तुहे हायेत. मोजून घेजो."

खरंच, तिनं एकेक कौल कुंपणाशी सरळ लावून ठेवलं होतं. एकही फुटलं नव्हतं. बांबूचे वासेही त्याचेच, तेही तिनं जुडी बांधून ठेवले. नवऱ्याचं नखभरही काही ठेवून घेणार नव्हती ती. लटारूला ओरडायला काही सापडेना, म्हणून तो मुखरूकडं पळाला.

मुखरू आला, त्याच्यामागं गाव आलं.

"बुधरे, खाली उतर. हे काय नाटक हाये? आंदण म्हंजे भांडंकुंडं. उभ्या घराले कोन आंदण म्हनते?"

"आडवं होतं तवा आंदण होतं ना, मुखरूभाऊ?"

"होतं."

"उभं केल्यावर कोनाचं झालं?"

"ज्यानं उभं केलं त्याचं. घर मानसाचं असते."

"मंग भात रांधल्यावर तांदूळ चुलीचा होते काय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मुखरूनं वळून पाहिलं तसं ते हसू तोंडातच विरलं.

काय ही रीत आहे पहा. गुंड अडगळीत काळा पडला तर तो बाईचा. ताटली चेपली तर ती बाईची. पण बापानं दिलेली वस्तू जरा कामाला आली, उभी राहिली, कुणाला सावली देऊ लागली, की ती पुरुषाची. बाई स्वतःसुद्धा तशीच. माहेरी असते तोवर बापाची पोरगी, सासरी राबायला लागली की घराची, आणि राबणं संपलं की कुणाचीच नाही. या हिशेबात तिचं म्हणून काय उरतं, हे चिंचेखाली बसलेल्यांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं, आणि आता येत होतं तर त्यांना ते ऐकवत नव्हतं.

मुखरूनं दुसरी वाट धरली. "बरं. पन हे लाकूड तुह्या बापाचंच कशावरून? साग तं साग असते. लटारूच्या बापानं बी रानातून आनला असन."

बुधरी छपराच्या सांगाड्यावरून सरकत कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्याशी गेली. वर्षानुवर्षांच्या चुलीचा धूर तिथं डांबरासारखा बसला होता. तिनं पदर ओला केला आणि घासलं. घासत राहिली. काजळीखालून छिन्नीनं कोरलेली एक मासोळी वर आली, शेपूट जरा उचललेली, डोळ्याच्या जागी एक ठिपका. पोचूची खूण. तराफ्यावर दहा जणांची लाकडं एकत्र बांधली जायची, म्हणून प्रत्येकानं आपलं लाकूड खूण करून ठेवायचं. बुधरीसमोरच त्यानं या लाकडांवर ती कोरली होती. कोरताना म्हणाला होता, "बुधरी, हे तुही."

"हिले मासोळी म्हनते, मुखरूभाऊ," वरून बुधरी म्हणाली. "तुमी ढिवर हा. ओळखू येत असन."

"मले तं झिंगा दिसून राह्यला," कुणीतरी म्हणालं, आणि या खेपेला हसू आवरलं नाही.

ती दुसऱ्या खांबाशी गेली. तिथंही मासोळी. तुळईच्या टोकाला मासोळी. गाव मान वर करून पाहत होतं. छपराखाली इतकी वर्षं मासे राहत होते आणि कुणाला पत्ता नव्हता.

चिंचेखाली दिलेला शब्द पंचाला मागं घेता येत नव्हता. घेतला तर पंचानंच दंड भरायचा, हीही रीतच होती, आणि तीही मुखरूच्याच बापानं घातलेली. "सारं" हा शब्द त्याच्या तोंडून गेला होता, सगळ्यांनी ऐकला होता. तो थुंकला. "ने मंग. पाहू कशी नेतं. दंडाचं लक्षात ठेवा रे सारे!"

सारे पांगले. आदल्या वर्षी जिच्या हातचं वरण पंगतीत वाढून घेतलं, तिच्या लाकडाच्या टोकाला बोट लावायला कुणी थांबलं नाही. बुधरी छपरावर एकटी राहिली. सागाची तुळई एकटीनं उतरत नसते.

दुपारी पहार आणि कुऱ्हाड घेऊन सोमाजी आला. बौद्ध मोहल्ल्यातला, धानाची शेती करणारा, कमी बोलणारा. त्याच्यामागं त्याची बायको मीराबाई. ती मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायची. तिच्या डोक्यावर वाळलेल्या भोपळ्यांची टोपली.

"मुखरूभाऊ," रस्त्यात भेटलेल्या मुखरूला सोमाजी म्हणाला, "जयभीम. तो दंड कोनाले भरा लागते?"

"जातीतल्याले."

"मंग आमचं काई नाई. आमी छप्पन सालीच या साऱ्यातून बाह्येर निघालो."

आणि तो शिडी चढला.

दोन दिवस घर उतरत होतं आणि नदीकाठी तराफा चढत होता. तीन लांब लाकडांचा कणा करायचा, दोन तुळया बाजूंना आणि आडं मध्ये. पाच खांब आणि चौकट आडवी. मधल्या फटींत बांबू. बांबूसाठी सोमाजीनं आपल्या खळ्यावरचा मांडव मोडला. काठांना तरंगायला भोपळे. बापानं शिकवलं तसं बुधरीनं जाड टोकं मागं ठेवली, निमुळती पुढं. घर बांधताना लाकडांना पाडलेली भोकं होतीच, त्यांत घराच्याच खुंट्या ठोकल्या. बाकी सारं अंबाडीच्या दोरानं बांधायचं. सोमाजीनं पहिली गाठ आवळली ती पाय लावून, दात खाऊन.

"इतकी गच्च नको, सोमाजीभाऊ."

"ढिली बांधू? बुडशीन ना."

"गच्च बांधली तं दगडावर फुटते. बाबा म्हने, लाकडाले जरासं हालू द्याचं. एकमेकांवर रुसू द्याचं."

"हे आमच्या घरी लागू हाये," मीराबाई म्हणाली. "हे माह्याशी रोज रुसते, म्हनून आमचं बुडलं नाई." सोमाजीनं हसू लपवून गाठ सैल केली.

दोर ओढताना बुधरीच्या ओठांवर ओवी यायची, जात्यावर यायची तशीच:

माह्या बापानं देल्ला साग, मेणाचा नाई गं,
उन्हात उभा केला तरी पाझरत नाई गं.

पुनवेचा दिवस उजाडला तेव्हा घराच्या जागी चार मातीच्या भिंती होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक खांब, त्याच्यावर दोन टेकू लावून तोललेलं आडं. तेवढं उतरवलं की झालं. सोमाजी आणि बुधरी आत आले आणि थांबले.

मधल्या खांबाला टेकून सुगंधाबाई बसली होती. लटारूची म्हातारी आई.

"आता काढ," दारातून लटारू म्हणाला. बरोबर मुखरू होता. "माही माय तिथून उठनार नाई. घाल तिच्या डोक्यावर आडं."

हे मुखरूचंच डोकं. म्हातारीला पहाटे उचलून तिथं बसवलं होतं. खाली माणूस असताना आडं उतरवता येत नव्हतं, आणि सूर्य तर बुडणारच होता. मग खांबही लटारूचा आणि आडंही लटारूचं. आणि आड्याविना तराफा म्हणजे कण्याविना माणूस. दोन बाया भांडाव्यात, एकीनं दुसरीला उठ म्हणावं आणि पाप दोघींच्या माथी जावं, अशी ही सोय. स्वतः दोघे दारात सावलीला उभे राहिले. आईच्या डोक्यावर ऊन होतं, ते तेवढं त्यांना दिसलं नाही.

बुधरी सासूसमोर मांडी घालून बसली. तिनं तिला कधी दुखवलं नव्हतं. सासूनं मात्र तिला पुष्कळ दुखवलं होतं.

"आत्याबाई, उठा ना."

"काऊन उठू? वांझोटे, घर खाल्लंस तू माह्या पोराचं." म्हातारीचा आवाज तापलेला. "कवेलू काढले, वासे काढले, आता मले बी काढ."

बुधरीनं उठून पाण्याचा तांब्या आणला, तिच्याजवळ ठेवला. आपलं जुनं लुगडं दोन भिंतींना बांधून म्हातारीच्या डोक्यावर सावली केली. मग पुन्हा बसली. ऊन सरकत होतं. बाहेर मीराबाई म्हणत होती, "पुरं आयुष्य सरन त्या बुढीचं, पन ती उठनार नाई," आणि सोमाजी तिला गप करत होता.

दुपार कलली. सुगंधाबाईनं पाणी प्यायलं. मग कुणालाच नाही असं बोलू लागली.

"माह्या बापानं मले दोन म्हशी देल्ल्या होत्या. काळ्याभोर. एकीच्या कपाळावर चांद. दुधाची धार अशी का गावात नाई."

बुधरीनं मान वर केली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तुह्या सासऱ्यानं विकल्या. डोंगा घेतला. मले पुसलं बी नाई. मी रडली तं म्हने, डोंगा घरचाच ना." ती दाराकडं वळली. "काय गा मुखरू, तू होता ना तवा पंचात तुह्या बापाच्या मांडीवर बसलेला? माह्या म्हशीले खूण नव्हती. मी कोनाले दाखवू?"

मुखरू तंबाखू मळायला लागला.

"आये, तू काय बोलून राह्यली?" लटारू पुढं आला. "तू फकस्त बसून राय."

"बसूनच राह्यली ना जिंदगीभर!" म्हातारी कडाडली. "या खांबाले टेकून टेकून माही पाठ मोडली. आन् पहाटे मले कसं उचलून आनलं रे? पोतं उचलते तसं. ऊन पडलं माह्या डोक्यावर, तवा कोन आलं? ही वांझोटी आली. तू सावलीत उभा." तिनं हात पुढं केला. "उठव वो मले. गुडघे धरले."

बुधरीनं तिला उठवलं. म्हातारीनं बाहेर जाताना खांबाच्या बुडाशी ठोकलेल्या पाचरीला काठीचा एक टोला हाणला. पाचर काही हलली नाही, तिच्या हातात तेवढा जोर नव्हता. पण तो टोला साऱ्या गावानं ऐकला.

"सोमाजी," ती म्हणाली, "उतरव आता. दिवस बुडते."

आडं उतरलं. मधला खांब उपटला. त्याच्या बुडाशी मातीनं बुजलेली मासोळी होती, सगळ्यात मोठी. सोमाजीनं आणि त्याच्या मोहल्ल्यातल्या चौघांनी लाकडं दरडीवरून खाली नेली, गाठी पडल्या, आडं मधोमध बसलं. गुंड, ताटल्या, जातं वर चढलं. मागच्या टोकाला मीराबाईनं मातीची चूल थापली आणि स्वतःच तिच्याशेजारी जाऊन बसली.

"तू कुठी?" सोमाजीनं विचारलं.

"आष्टीपर्यंत जातो हिच्यासंगं. तिथून यष्टीनं येईन. चार दिवस भाजी तुमीच रांधा."

"तुले पोहता येत नाई."

"म्हनून तं तराफ्यावर बसली. येत असतं तं पोहत गेली असती."

बुधरी सासूकडं वळली. म्हातारी काठी टेकून दरडीवर उभी होती.

"आत्याबाई, तुमी बी चला. जागा हाये."

"मी काऊन येऊ?" म्हातारी फणकारली. "अंगन सारवून सारवून हात झिजले माहे. मी इथीच राहीन. आता माहा पोरगा घर बांधन, ते मले पाहाचं हाये. आपल्या कमाईचं. आन् ही सीता," तिनं मागं उभ्या पोरीकडं बोट केलं, "हिच्या बापानं काय काय देल्लं, त्यावर आधी खूण करून ठेवतो मी. कोळशानं का होईना." मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाली, "जाय. थंडी पडते नदीवर. पांघरून घेजो."

सूर्य नदीला टेकला होता, बुडाला नव्हता. बुधरीनं बांबू रेतीत रोवला आणि जोर दिला. घर हाललं, किनाऱ्यापासून सुटलं आणि पाण्यावर तरंगू लागलं. काठावर मुखरू आणि लटारू उभे. त्यांच्या मागं चार भिंती, वर आभाळ.

"पंचाचा शब्द पाळला मी, मुखरूभाऊ," बुधरी ओरडली. "मीठ बी नाई ठेवलं!"

कार्तिकातली वैनगंगा समजूतदार असते. एका बाजूला चंद्रपूर, एका बाजूला गडचिरोली, आणि मधून हे बिनभिंतीचं घर चाललं. रात्री दोघी वाळूवर उतरत, चूल पेटवत, झोपत. मार्कंड्याची देवळं दिसली तेव्हा नदी वळून उलट, उत्तरेला वाहू लागली. मीराबाई घाबरली.

"अवं, नदी मांगं काऊन चालली?"

"तिलेही एकडाव मांगं पाहावं वाटत असन."

"तुले वाटते?"

बुधरीनं बांबू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "त्या बुढीकडं पाहावं वाटते. बाकी कोनाकडं नाई."

आष्टीला मीराबाई उतरली. काठावर उभी राहून बराच वेळ बडबडत राहिली: भात शिजवताना पुढं पाह्यत जाय, रानडुक्कर पाण्यावर येते, पोचली की कोणाहाती सांगावा धाड. तराफा वळणाआड गेला तरी तिचा आवाज येत होता.

पुढं चपराळ्याला वर्धा आली आणि वैनगंगेला भेटली. दोघी इतक्या लांबून आलेल्या. इथं दोघींचंही नाव संपतं, पुढं नुसती प्राणहिता. लहानपणी बुधरीला हे गोड वाटायचं. या खेपेला तिला त्याचाही राग आला. एवढं पाणी आणलं, एवढी गावं पाजली, आणि नाव मात्र घाटावर काढून ठेवायचं?

नदीबाई, तुहं माहेर कोन्या डोंगरी गं,
सासराले जाता जाता नाव सांडलं वरी गं.
नाव सांडलं तं सांडू दे, पानी नको सांडू गं,
ज्यानं पेलं त्याच्याशी हक्कानं भांडू गं.

प्राणहितेत खडक लागतात. एका ठिकाणी पाणी पांढरं होऊन उड्या मारत होतं. बुधरीनं बांबू टाकला, आडव्या खांबाला धरून पालथी पडली. लाकडं एकमेकांवर चढली, कण्हली, रुसली. एक भोपळा फुटून गेला, ताटल्या गेल्या. गाठी तेवढ्याच सैल होत्या जेवढ्या बापानं सांगितल्या होत्या. खडक संपला तेव्हा सगळी लाकडं जागेवर होती, आणि जातंही, चौकटीत अडकून बसलेलं.

माहेरच्या घाटाला ती लागली तेव्हा सकाळ होती. भाऊ कोलू जाळं वाळवत होता. त्याची बायको भांडी घासत होती. सिरोंच्याकडं घरात अर्धं तेलुगूच बोलतात.

"अक्का!" कोलू पाण्यात धावत आला. मग त्यानं तराफ्यावर दुसरं कोणी आहे का पाहिलं. "लटारू भाटवे कुठी हायेत?"

"नाई आले. येनार बी नाईत."

कोलूचा चेहरा जरा बदलला. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याच्या मागं त्याची बायको भांडं हातात धरून थांबली होती, आणि तिच्या मागं त्यांची दोनच खोल्यांची झोपडी दिसत होती. सोडलेली बहीण म्हणजे पडवीतली खाट, आधी दुसऱ्यांचं जेवण, मग तिचं. बुधरीला ते सारं त्याच्या डोळ्यांत दिसलं. तिकडची पडवी सोडून ती इकडच्या पडवीसाठी आली नव्हती.

"अक्का, राहाचं कसं मंग..." कोलूनं वाक्य अर्धंच सोडलं.

बुधरीनं ओल्या लाकडावर हात ठेवला. काजळी धुऊन गेली होती. सकाळच्या उन्हात मासोळी लख्ख दिसत होती. कोलूनं ती पाहिली. बापाची खूण त्यानंही लहानपणी पाहिलेली.

"इल्लू," बुधरी म्हणाली. घर. "संगं आनलं."

मग तिनं वर दरडीकडं पाहिलं. पुराचं पाणी जिथं पोचत नाही तिथं एक सपाट जागा होती, करंजाच्या झाडाखाली.

"बाबा जिथं लाकडं वाळवे, ते जागा कोनाची हाये आता?"

"कोनाचीच नाई. पडली हाये."

"मंग मले कुदळ दे," ती म्हणाली. "खांबाचे खड्डे मी खंदतो."